गिटारची करवत का होते?

घरी हेडफोन लावून रात्र रात्र जमवलेला गिटारचा आवाज सभागृहातल्या मोठ्या स्पीकरवर पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो माझाच आहे यावर विश्वास बसेना. नागपुरातलं एक सभागृह, डिसेंबरची दुपार, खुर्च्या रिकाम्या, साउंडचेक चालू. मी पहिला पॉवर कॉर्ड, म्हणजे षड्ज-पंचमासारखे दोन स्वर एकत्र, मारला आणि पुढच्या रांगेत वायरी गुंडाळत बसलेल्या पोरानं दोन्ही कानांवर हात ठेवले. मिक्सरवरून आवाज आला, "काय लावलं बे हे? लोखंड कापून राहिला का?"

त्यानं बरोबर नाव दिलं होतं. करवत लोखंडावर घासावी तसाच तो आवाज होता. यंत्र तेच, सेटिंग तेच, बोटंही तीच. बदलला होता फक्त स्पीकर. त्या दुपारपासून मी या प्रश्नाच्या मागे आहे, आणि त्याचं उत्तर मला फार सुंदर वाटत आलं आहे.

आमच्या पिढीच्या बहुतेक गिटारवाल्यांकडे आता मॉडेलर असतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याची लाकडी पेटी, पेटीतला स्पीकर आणि समोर ठेवलेला माइक, या सगळ्या साखळीची गणितानं केलेली नक्कल म्हणजे मॉडेलर. लाइन 6 कंपनीचा राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल पॉड 1998 मध्ये आला आणि ही कल्पना घरोघरी पोचली. चार स्पीकरची खरी पेटी दोघांनी उचलावी लागते, मॉडेलर मात्र पाठीवरच्या बॅगेत घालून धंतोलीहून सिव्हिल लाइन्सला दुचाकीवर नेता येतो. तिथं पोचलं की वायर थेट मिक्सरला आणि आवाज सभागृहाच्या पीए, म्हणजे श्रोत्यांसाठी लावलेल्या मोठ्या, स्पीकरमधून. अडचण या शेवटच्या टप्प्यावर येते.

आधी तारेकडे बघू. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला 82.4 वेळा, म्हणजे 82.4 हर्ट्झनं, कंप पावते. तिच्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे संनादी स्वर असतातच, पण वरचे स्वर झपाट्यानं क्षीण होत जातात. गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं बटण, वाढवला की अ‍ॅम्प्लिफायर तरंगाची उंची वाढवत नेतो, आणि एका मर्यादेपलीकडे ती वाढू शकत नाही म्हणून तरंगाचे शेंडे छाटले जातात. गोल टेकडीचं सपाट पठार होतं. या छाटणीतून नवे संनादी जन्माला येतात. पूर्ण चौकोनी तरंगात तिसरा संनादी मूळ स्वराच्या एक तृतीयांश, पाचवा एक पंचमांश, सातवा एक सप्तमांश, अशी रांग लागते आणि ती फार हळू उतरते. जाड तारेचा 61 वा संनादी 5000 हर्ट्झच्या थोडा वर पडतो. साध्या स्वच्छ वादनात तो ऐकूही येत नाही. हाय गेनवर तो असतो, त्याचे शेजारी असतात आणि त्यांच्याही वर आणखी कितीतरी.

एवढे स्वर एकत्र आले तर कानाला त्रास का व्हावा? सगळे एकाच मूळ स्वराचे पूर्णांक पट आहेत, म्हणजे नात्यातलेच. मला या विषयातला सगळ्यात रंजक भाग इथं सुरू होतो असं वाटतं.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यातल्या पडद्यावर प्रत्येक वारंवारतेची आपली जागा असते, पण ही जागा बिंदूएवढी बारीक नसते, तो एक पट्टा असतो. 400 हर्ट्झच्या आसपास हा पट्टा साधारण 70 हर्ट्झ रुंद असतो. आपले संनादी 82 हर्ट्झच्या अंतरानं उभे आहेत, त्यामुळे खाली प्रत्येकाला बसायला स्वतंत्र जागा मिळते. 5000 हर्ट्झजवळ मात्र पट्टा साडेपाचशे हर्ट्झहून रुंद होतो आणि एकाच पट्ट्यात सहा-सात संनादी कोंबले जातात. ते एकमेकांवर आदळतात आणि त्या पट्ट्यातला आवाज सेकंदाला 82 वेळा कमीजास्त होऊ लागतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1863 मध्येच सांगितलं होतं की कर्कशपणाचं मूळ अशा झटपट ठोक्यांत आहे. पुढच्या प्रयोगांत दिसलं की सेकंदाला 70 च्या आसपास ठोके पडले की खरखर सर्वांत जास्त जाणवते. गिटारची जाड तार नेमकी या शेजारात बसते. मिक्सरवरच्या भावाला ऐकू आलेली करवत कानातच तयार होत होती, आणि सेकंदाला 82 दात हा तिचा वेग होता.

इथं तंबोऱ्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन वित्त खात्याच्या नोकरीत असताना 1910 च्या सुमारास नागपुरात होते. पुढे 1921 मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या तारांवर लिहिलं. एखाद्या संनादीचा जो स्थिर बिंदू, तिथंच तार छेडली तर तो संनादी उमटायला नको, असा तारांचा नियम आहे. तंबोऱ्यात तो तरीही दणदणीत उमटतो, कारण घोडीच्या रुंद पाठीला तार घासत राहते आणि वरचे स्वर पुन्हा पुन्हा जागे करते. म्हणजे वरच्या संनादींचं वैभव आपल्या कानाला शतकानुशतकं आवडत आलं आहे. फरक मांडणीत आहे. तंबोऱ्यात ते स्वर एकामागून एक उलगडत जातात, आणि जवारी, म्हणजे तार आणि घोडीचा हा स्पर्श, लावणारा त्या दोघांमधला दोरा केसभर सरकवून किती उघडायचे ते ठरवतो. हाय गेन गिटारमध्ये ते सगळे एकदम येतात आणि जोवर तार वाजते तोवर हटत नाहीत. त्यांची जवारी लावणारं कोणीतरी हवं.

सत्तर-ऐंशी वर्षं हे काम कागदानं केलं. गिटारच्या पेटीतला स्पीकर म्हणजे बारा इंची कागदी पडदा. सोबत वरच्या स्वरांसाठीचा छोटा स्पीकर (ट्विटर) नाही, ते स्वर पसरवणारा भोंगा (हॉर्न) नाही. सेलेशन कंपनीच्या व्हिंटेज 30 या प्रसिद्ध स्पीकरच्या माहितीपत्रकात मर्यादा दिली आहे ती 70 ते 5000 हर्ट्झ. त्यापलीकडे पडदा एकसंध हलूच शकत नाही, आवाज कड्यावरून पडावा तसा घसरतो. संगीत ऐकण्याच्या स्पीकरसाठी हा मोठा दोष ठरला असता. गिटारसाठी तोच आशीर्वाद ठरला, कारण छाटणीतून निघालेला सगळा वरचा भुसा कागद गिळून टाकतो. रॉकमधला जो भरदार, उबदार गिटार आपण ऐकत मोठे झालो, त्याचा अर्धा घडवणारा हा मुका कागद आहे असं मी मानतो.

कागद आणखी एक उपकार करतो. 3000 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण 11 सेंटीमीटर, पडदा 30 सेंटीमीटरचा. तरंगलांबी पडद्याहून लहान झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. पेटी पायाशी आणि वाजवणाऱ्याचे कान दीड मीटर वर, म्हणून तीक्ष्ण भाग त्याच्या गुडघ्यांवर जातो. पीए स्पीकरची रचना नेमकी उलट असते. साधारण 2000 हर्ट्झच्या वरचं काम हॉर्न हाती घेतो आणि ते स्वर शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या माणसापर्यंत सारखे पसरवतो. निवेदकाचा प्रत्येक 'स' आणि 'श' स्पष्ट ऐकू यावा म्हणून तो तसा बनवलेला असतो. त्याला 18000 हर्ट्झचा भुसा दिला तर तोही तो निष्ठेनं वाटतो.

मग मॉडेलरमध्ये पेटीची नक्कल असते, तिचं काय? माझ्याही सेटिंगमध्ये ती होती. पण नक्कल असते ती माइकनं ऐकलेल्या पेटीची. शुअर कंपनीचा एसएम 57 हा 1965 पासूनचा माइक पडद्याच्या अगदी मधोमध, जाळीला चिकटवून ठेवला तर सगळ्यात झणझणीत आवाज मिळतो. चारपाच सेंटीमीटर कडेला सरकवला की तोच आवाज निवतो. मी मधोमधची नक्कल निवडली होती, कारण हेडफोनवर, हळू आवाजात, तीच जिवंत वाटत होती. हळू आवाजात कान खर्जाला आणि अगदी वरच्या टोकाला कमी दाद देतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये याचे आलेख काढून दाखवले. घरी 65-70 डेसिबलला मी खर्ज आणि धार दोन्ही वाढवून बसलो होतो. मंचासमोर आवाज शंभरीकडे गेला आणि दोन्ही अंगावर आले. त्यात कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब, एका टोकाला बंद. अशी नळी 3400 हर्ट्झजवळ स्वतःच घुमते. गिटारची धारही तिथंच असते.

उपाय करताना मी आता सर्वांत आधी गेन खाली आणतो. हे सांगितलं की पोरं नाराज होतात, पण मोठ्या आवाजात भरदारपणा हवेच्या धक्क्यातून मिळतो, तो गेनमधून उकरून काढावा लागत नाही. एक तृतीयांश गेन कमी केला तरी समोरच्याला गिटार उलट मोठा वाटतो, कारण तारेवरचा आघात परत ऐकू येतो. मग माइकची नक्कल कडेला सरकवायची. त्यानंतर हाय कट, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या वरचं छाटणारी चाळणी. ती 6000 ते 7000 हर्ट्झच्या आसपास ठेवली की कागदाचं उरलेलं काम होतं. इक्वलायझरनं 3000 ते 4000 मध्ये खोल खड्डे पाडणं मला पटत नाही. तिथंच गिटारचा चेहरा आहे. दोन-तीन डेसिबल कमी करावेत, तेही कानानं शोधून.

खालच्या बाजूचं दुखणं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पॉवर कॉर्डमध्ये 82.4 आणि 123.5 हर्ट्झचे स्वर एकत्र छाटले जातात, तेव्हा त्यांच्या फरकाचा, 41 हर्ट्झचा, तिसरा स्वर तयार होतो. गिटारची पेटी तो वाजवूच शकत नाही. सभागृहातला सब, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, मात्र आनंदानं वाजवतो आणि बास गिटारवाल्याच्या जागेत घुसतो. 90 हर्ट्झच्या आसपास लो कट, म्हणजे त्याखालचं छाटणारी चाळणी, लावला की ढोलकीपासून किक ड्रमपर्यंत सगळे मोकळे होतात.

थोडी खरखर मात्र कोणत्याही चाळणीनं जात नाही. मॉडेलर आवाजाचे सेकंदाला 48000 नमुने घेत असेल तर 24000 हर्ट्झच्या वरचे स्वर त्याला मांडता येत नाहीत. ते दुमडून खाली येतात, जसं सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं. 40000 चा संनादी 8000 वर उतरतो आणि मूळ स्वराशी त्याचं काहीच नातं उरत नाही. चांगले मॉडेलर आतल्या आत अनेक पट जास्त नमुने घेऊन हे टाळतात. जे टाळत नाहीत, त्यांच्यावर कमी गेन हाच उतारा.

त्या डिसेंबरच्या दुपारी यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मिक्सरवरच्या भावानं त्याच्या बाजूनं हाय कट लावून वेळ निभावून नेली आणि मला म्हणाला, "तू खाली येऊन ऐक ना एकदा, वरून काय समजते?" तेव्हापासून मी लांब वायर जवळ ठेवतो आणि वाजवत वाजवत दहाव्या रांगेपर्यंत चालत जातो. मागच्या हिवाळ्यातल्या कार्यक्रमात रिकाम्या सभागृहात 6000 वर चाळणी बसवली होती. संध्याकाळी खुर्च्या भरल्या, स्वेटर-शालींनी वरचे स्वर शोषून घेतले आणि गिटार दबल्यासारखा वाटू लागला. दुसऱ्या गाण्यानंतर मी खाली वाकून ती 6800 वर नेली.