ओट्याच्या ग्रॅनाइटची धूळ

पुण्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की लगेच किचन ओट्याचं काम निघतं. बाल्कनीत ग्रॅनाइटची लादी आडवी पडते, सिंकचं भोक आखलं जातं आणि कटर सुरू होतो. दोन मिनिटांत कारागिराच्या पापण्या आणि मनगटं पांढरी होतात. तोंडाला फार तर रुमाल. आपण दार लावून घेतो. तो मात्र दिवसभर त्याच धुळीत असतो, आणि उद्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये.

डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकाघशात अडकते. घात करतात ते पाच मायक्रॉनहून बारीक कण. रुमालातून ते सहज आरपार जातात आणि फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. जंतू असता तर पचला असता, पण हा दगडातल्या सिलिकाचा स्फटिक. पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत फुफ्फुसात व्रणासारख्या गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही, आणि धुळीचं काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो.

सगळे दगड सारखे नसतात. पुण्यातलं पाताळेश्वर लेणं ज्यात कोरलं त्या आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये सुटं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, अगदी कमी. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण पाव ते एक तृतीयांश असतं. ‘क्वार्ट्झ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात तर अनेकदा 90 टक्क्यांहून जास्त. ऑस्ट्रेलियाने जुलै 2024 पासून त्या दगडावर बंदीच घातली.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोग होण्याचा धोका बराच वाढतो, आणि एक्स-रेमध्ये दोन्ही आजार सारखे भासू शकतात. त्यामुळे खोकला घेऊन आलेल्या माणसाला ‘काम काय करता?’ हे विचारायलाच हवं. इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने 1700 मध्येच डॉक्टरांना हे बजावलं होतं. कारखान्यांना लागू असलेल्या कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, पण आपली बाल्कनी हा काही कारखाना नव्हे. म्हणून इथली जबाबदारी काम देणाऱ्याने, म्हणजे आपणच, घ्यायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

उपाय साधा आहे: पाणी. पात्यावर सतत धार असली की बहुतेक धूळ उडण्याआधीच चिखल होऊन खाली बसते. माप आधी देऊन सिंकचं भोक दुकानातच, पाण्याच्या मशीनवर कापून घ्यावं. घरी कापायचंच असेल तर ओल्यात चालणारं कटर हवं आणि शॉक लागू नये म्हणून वीजगळती होताच वीज तोडणारा ब्रेकरही. एन-95 मास्क आपणच आणून द्यावेत. ते चेहऱ्याला घट्ट बसले तरच उपयोगाचे. काम संपल्यावर कोरडा झाडू मारायला मावशींना सांगू नका, त्याने बसलेली धूळ पुन्हा उडते. आधी फरशी ओली करा, मगच चिखल पुसून काढा.