ओल्ड सॅरम मतदारसंघ

ब्रिटनच्या कॉमन्स सभेवर दोन सदस्य पाठविणारा इंग्लंडमधील एक भूतपूर्व मतदारसंघ. विल्टशर परगण्यात सॉल्झबरी शहराच्या उत्तरेस सुमारे ३ किमी. वरील एका तटबंदीच्या टेकडीवरून त्यास हे नाव पडले. १८३२ च्या सुधारणा कायद्याने तो रद्द झाला. ‘कुजक्या मतदारसंघां’चे (वस्ती ओसरूनही प्रतिनिधी पाठवीत राहिलेल्या मतदारसंघांचे) उदाहरण म्हणून बहुतेक क्रमिक पुस्तके त्याचेच नाव देतात.

टेकडीवरील तटबंदी लोहयुगीन आहे. नॉर्मनांनी तीत किल्ला बांधला, १०७५ मध्ये बिशपचे पीठ तेथे हलविले आणि १०९२ मध्ये कॅथीड्रलचे पवित्रीकरण झाले. पाण्याची टंचाई, सततचा वारा आणि किल्ल्यातील शिबंदीशी होणारे खटके यांना कंटाळून धर्मगुरूंनी पायथ्याची सपाट जागा निवडली. १२२० मध्ये तेथे नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला आणि त्यामागोमाग वस्तीही खाली उतरली. १२९५ च्या पार्लमेंटात ओल्ड सॅरमचे प्रतिनिधी होते. मात्र त्यानंतर प्रतिनिधित्वात मोठा खंड दिसतो. सलग परंपरा १३६० च्या सुमारापासून धरणे अधिक सुरक्षित ठरेल. भरभराटीच्या नगराला प्रतिनिधित्व मिळाले आणि पुढे नगर ओस पडले, ही रूढ मांडणी त्यामुळे पुरती पटत नाही. नियमित निवडणुका सुरू झाल्या तेव्हाच गाव मोडकळीस आले होते.

मताधिकार बर्गेज पद्धतीचा होता. बर्गेज म्हणजे नगराच्या हद्दीतील, ठरावीक खंड देऊन धारण केलेला जमिनीचा तुकडा. मत त्या तुकड्याला चिकटलेले असे. धारक तेथे राहतो की नाही, त्यावर घर आहे की नाही, याला महत्त्व नव्हते. मराठी वाचकाने वतनी हक्क आठवावा, मात्र येथे हक्कासोबत कोणतीही चाकरी येत नसे. हे तुकडे तटबंदीच्या आत नव्हते. ते टेकडी आणि स्ट्रॅटफर्ड-सब-कॅसल हे खेडे यांच्या दरम्यानच्या शेतांत होते, हे बऱ्याच वर्णनांत निसटते.

सर्व तुकडे एकाच मालकाच्या हाती आले की दोन्ही जागा त्याच्या. तरीही कायद्याला मतदार दाखवावे लागत. म्हणून अशा मतदारसंघांत मालक निवडणुकीच्या तोंडावर विश्वासू मित्र, कुळे किंवा वकील यांच्या नावे एकेक तुकडा करून देई आणि निवडणूक आटोपताच तो परत आपल्या नावे करून घेई. यात दोन अडचणी संभवत. दस्तऐवज कायदेशीरदृष्ट्या खरा असल्याने धारकाने तुकडा परत देण्यास नकार दिला, तर मालकाची पंचाईत होई. म्हणून नाव लावण्यापूर्वीच माणूस पारखून घ्यावा लागे. दुसरे असे, की १६९६ च्या कायद्याने मते वाढविण्यासाठी तुकड्याची फाळणी करण्यास बंदी होती. त्यामुळे मतदारांची संख्या तुकड्यांच्या संख्येपलीकडे नेता येत नसे. मतदार सात होते असे सर्रास छापले जाते. १८३१ साठी अकरा हा आकडा मिळतो व तो अधिक ग्राह्य वाटतो. एकूण मतदार आणि प्रत्यक्ष हजर मतदार यांच्या गल्लतीतून हा फरक उद्भवला असावा.

निवडणुकीचा विधी मात्र यथासांग होई. परगण्याच्या शेरीफकडून आलेला हुकूम बेलिफ स्वीकारी. हा निर्वाचन अधिकारी खुद्द जहागिरीचाच माणूस असे. हुकूम मिळाल्यापासून आठ दिवसांच्या आत, चार दिवसांची आगाऊ सूचना देऊन निवडणूक घ्यावी लागे. शेतातील एका एल्म वृक्षाखाली तंबू ठोकत. हुकुमाचे वाचन झाल्यावर १७२९ चा लाचलुचपतविरोधी कायदा मोठ्याने वाचणे बंधनकारक होते. येथे लाच द्यायला कोणी उरलेच नव्हते, तरी वाचन चुकत नसे. मग नावे सुचविली जात आणि निकालाचा दस्त हुकुमाला जोडून शेरीफकडे परत जाई. तो वृक्ष ‘पार्लमेंट ट्री’ म्हणून ओळखला जाई.

सतराव्या शतकात ही मालमत्ता सॉल्झबरीचे अर्ल असलेल्या सेसिल घराण्याकडे होती. त्यांच्याकडून ती टॉमस पिट (१६५३–१७२६) याने १६९१ च्या सुमारास घेतली. ‘गोवळकोंड्याच्या हिऱ्याच्या पैशातून मतदारसंघ विकत घेतला’ ही कथा लोकप्रिय असली, तरी कालक्रमात बसत नाही. पिट मद्रासचा गव्हर्नर झाला १६९८ मध्ये. सुमारे ४१० कॅरटचा कच्चा हिरा त्याने घेतला १७०२ च्या सुमारास, ४८,००० पॅगोडांना (दक्षिण हिंदुस्थानातील सोन्याचे नाणे). आणि पैलू पाडलेला हिरा फ्रान्सच्या राजप्रतिनिधीस १,३५,००० पौंडांना विकला तो १७१७ मध्ये. ओल्ड सॅरमची खरेदी याआधीचीच आहे. तीमागे ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी डावलून हिंदुस्थानात केलेल्या खाजगी व्यापाराचा पैसा असणे अधिक संभवनीय. हिऱ्याने घराण्याची पत वाढली, एवढे खरे.

टॉमसचा नातू आणि पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट १७३५ मध्ये येथूनच प्रथम निवडून आला. थोरल्या भावाने दुसरी जागा पत्करल्याने ही रिकामी झाली होती. १७६६ मध्ये विल्यमनेच अशा मतदारसंघांना राज्यघटनेचा कुजका भाग म्हटले व ते शतकभरही टिकणार नाहीत असे भाकीत केले. १८०१ मध्ये पिट घराण्यातील मालक लॉर्ड कॅमलफर्ड याने जॉन हॉर्न टुक या जहाल सुधारणावाद्यास निवडून आणले. टुक दीक्षित धर्मोपदेशक होता. त्यावरून वाद होऊन धर्मोपदेशकांना सभासदत्व नाकारणारा कायदा झाला. तो २००१ मध्ये रद्द झाला. टुकची जागा मात्र पार्लमेंटच्या १८०२ च्या विसर्जनापर्यंत कायम राहिली. त्याच वर्षी मालमत्ता लॉर्ड कॅलेडन यास विकली गेली. किंमत ६०,००० पौंड सांगतात. कॅलेडन घराण्याची संपत्तीही हिंदुस्थानातच मिळवलेली होती. पुढे अर्थमंत्री झालेला निकोलस व्हॅन्सिटार्ट १८०२–१२ या काळात येथील सदस्य होता.

७ जून १८३२ रोजी सुधारणा कायद्यास राजमान्यता मिळाली. प्रतिनिधित्व पूर्णपणे गमावणाऱ्या ५६ मतदारसंघांच्या ‘अ’ परिशिष्टात ओल्ड सॅरमचे नाव सर्वांत वर होते. १८०० मध्ये आयर्लंडच्या पार्लमेंटचे विलीनीकरण करताना रद्द मतदारसंघांच्या मालकांना प्रत्येकी १५,००० पौंड भरपाई दिली होती. १८३२ मध्ये कोणासही काही मिळाले नाही. बर्गेजचे तुकडे शेतीच्या भावाचे झाले.