बाखच्या धार्मिक कँटाटांचे हार्नोनकोर्ट–लेओनहार्ट ध्वनिमुद्रण

योहान झेबास्टियान बाख (१६८५–१७५०) या जर्मन संगीतकाराच्या धार्मिक कँटाटांचे ऐतिहासिक (बाखच्या काळच्या धर्तीच्या) वाद्यांवर झालेले पहिले सर्वसमावेशक ध्वनिमुद्रण. ऑस्ट्रियाचे निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि नेदरलँड्सचे गुस्टाव लेओनहार्ट या दोन संचालकांनी ते आपापसांत वाटून घेऊन केले. टेलिफुंकेन कंपनीच्या ‘दास आल्टे वेर्क’ या मालिकेत १९७१ पासून ते खंडाखंडाने प्रसिद्ध होत गेले आणि पूर्ण व्हायला जवळजवळ दोन दशके लागली. निर्मितीची धुरा वोल्फ एरिकसन यांच्याकडे होती.

कँटाटा म्हणजे गायकवृंद, एकल गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली, ल्यूथरपंथी उपासनेत त्या त्या रविवारच्या बायबलवाचनाला जोडून सादर होणारी, बहुधा वीसएक मिनिटांची रचना. लाइपझिग येथे १७२३ साली कांटोर (चर्च-संगीताचा प्रमुख) म्हणून रुजू झाल्यावर बाखने पहिल्या काही वर्षांत जवळजवळ दर आठवड्याला अशी एक रचना उभी केली. त्यांतील बऱ्याच हरवल्या असल्या, तरी सुमारे दोनशे कँटाटा आज उपलब्ध आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांतल्या मोजक्याच ऐकायला मिळत, आणि त्याही मोठे गायकवृंद व आधुनिक वाद्ये घेऊन गायलेल्या.

या प्रकल्पात तंतुवाद्यांना आतड्याच्या तारा होत्या, तुताऱ्या झडपांविना होत्या आणि सूर आजच्या प्रमाणापेक्षा सुमारे अर्ध्या स्वराने खाली होता. लाइपझिगमध्ये घडवलेल्या जुन्या नमुन्यांवरून बनवलेला, कातड्याने मढवलेला, पितळी तोंडाचा वक्र ओबो दा काच्चाही (ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याचा खालच्या पट्टीचा प्रकार) त्यात ऐकू येतो. हार्नोनकोर्ट यांनी १९५३ साली स्थापन केलेला कॉन्सेंटुस म्यूझिकुस वीन आणि लेओनहार्ट यांचा लेओनहार्ट-कॉन्सोर्ट हे दोन मुख्य वाद्यवृंद होते. दोघांच्या वृत्तीतला फरक आरंभापासून जाणवतो. हार्नोनकोर्ट संगीताला वक्तृत्व मानत, त्यामुळे त्यांच्याकडे शब्दागणिक आघात, अकस्मात थांबे आणि कधीकधी मुद्दाम ठेवलेला खडबडीतपणा येतो. लेओनहार्ट स्वतः ऑर्गन व हार्पसिकॉर्ड या कळफलकवाद्यांचे वादक. त्यांचे आघात बारीक आणि आवरलेले असतात, आणि ‘आक्टुस ट्रागिकुस’सारख्या शोकगंभीर कँटाटेत त्यांचा हा संयम अधिक खोल उतरतो.

सर्वांत वादग्रस्त ठरला तो आवाजांचा निर्णय. बाखच्या काळी लाइपझिगच्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत; म्हणून येथे वृंदातील सोप्रानोच (सर्वांत उंच पट्टीचा आवाज) नव्हे, तर एकल सोप्रानो भागही मुलांकडे सोपवण्यात आला. व्हिएन्ना, ट्योल्त्स, हानोफर आणि केंब्रिजचे किंग्ज कॉलेज येथील मुलांचे गायकवृंद यात आहेत. पुढे फिलिप हेरेवेगे यांच्या कॉलेजियम व्होकाले या गेंटच्या वृंदाचीही साथ मिळाली. मात्र अठराव्या शतकात मुलांचा आवाज बराच उशिरा, सोळा-सतराव्या वर्षीही फुटत असे. विसाव्या शतकात तो तेरा-चौदाव्या वर्षीच फुटू लागला होता. साहजिकच बाखला मिळत असलेली अनेक वर्षांची तालीम आणि दमसास या मुलांजवळ नव्हता. लांबलचक आरियांमध्ये (एकल गायनाच्या भागांत) श्वास तोकडा पडतो, सूरही डळमळतो. तरीही हा निर्णय फसला असे म्हणता येत नाही, कारण मुलांचा पातळ, थेट आवाज ओबोच्या शेजारी तोलाचा राहतो आणि बाखच्या आरियांतील गळा व वाद्य यांची बरोबरी त्यामुळेच स्पष्ट होते. निर्णयाला अपवादही केले गेले: तुतारीच्या साथीची अत्यंत अवघड ५१ क्रमांकाची कँटाटा मारियाने क्वेक्सिल्बर यांनी गायली, तर १९९ वी बार्बरा बॉनी यांनी. खालच्या आवाजांत पॉल एसवुड, रने जेकब्स, कुर्ट एक्विलुझ आणि माक्स फान एगमोंट यांचा वाटा मोठा आहे. एक्विलुझ यांच्या टेनर (पुरुषांच्या उंच पट्टीच्या) गायनातील शब्दांची जाण तर आजही नमुनेदार मानावी अशी आहे.

ध्वनिमुद्रण कँटाटांच्या सूचिक्रमांकानुसार झाले. हे क्रमांक रचनाकाळ दाखवत नाहीत. ते एकोणिसाव्या शतकातील छापील आवृत्तीच्या क्रमाने आलेले आहेत. त्यामुळे पहिल्याच खंडात १७२५ सालच्या पहिल्या कँटाटेशेजारी बाखच्या विशी-बाविशीतली चौथी कँटाटा येते, आणि रचनाकाराची वाढ ऐकणाऱ्याला स्वतः जुळवावी लागते. उलट वादकांची वाढ मात्र सरळ क्रमाने ऐकू येते: आरंभीच्या खंडांत चाचपडणाऱ्या तुताऱ्या व ओबो शेवटच्या खंडांपर्यंत पुष्कळ सफाईने वाजू लागतात. इतरांच्या ठरलेल्या आणि फार अपूर्ण उरलेल्या काही कँटाटा वगळण्यात आल्या. तबकड्यांच्या पेट्यांत संपूर्ण स्वरलेखन आणि आल्फ्रेड ड्यूर यांच्यासारख्या बाख-अभ्यासकांची टिपणे असत. महाविद्यालयीन ग्रंथालयांना या पेट्या मोलाच्या वाटल्या, त्या यामुळेही.

प्रकल्प अर्ध्यावर असताना, १९८० साली, दोन्ही संचालकांना मिळून इरॅस्मस पारितोषिक देण्यात आले. त्याच सुमारास हेल्मुट रिलिंग आधुनिक वाद्यांवर संपूर्ण कँटाटा मुद्रित करीत होते आणि १९८५ साली, बाखच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, ते काम आधी पूर्ण झाले. नंतर टोन कूपमान आणि मासाकी सुझुकी यांनी ऐतिहासिक वाद्यांवर असेच संच केले, तर जॉन एलियट गार्डिनर यांनी २००० साली चर्चच्या वार्षिक दिनदर्शिकेनुसार गावोगावी फिरून कँटाटा सादर केल्या. या तिघांनी वाद्यांबाबत हार्नोनकोर्ट व लेओनहार्ट यांचा मार्ग स्वीकारला, पण एकल सोप्रानो गायनासाठी ते स्त्रियांकडेच वळले.