आई-वडिलांच्या संमतीशिवाय घर सोडायचे असल्यास: १८ वर्षांखालील मुलांसाठी बाल कल्याण समितीकडील प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

अल्पवयीन मुलाला घर सोडण्याची परवानगी मिळावी, असा कोणताही अर्ज भारतीय कायद्यात नाही. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ असते (सतरा वर्षांच्या मुलाला हा शब्द टोचतो, पण कोर्टाच्या कागदांवर तोच असतो) आणि तोवर तिचा ताबा पालकांकडे राहतो. अमेरिकेतील काही राज्यांत न्यायालयात अर्ज करून अल्पवयीन मुलाला पालकांच्या ताब्यातून मुक्त होता येते. त्याविषयी वाचून आपल्याकडेही तसे ‘स्वतंत्र’ होता येईल असा अनेकांचा समज होतो, परंतु तशी तरतूद इथे नाही. आपल्याकडे आहे तो संरक्षण मागण्याचा हक्क. घरात राहणे धोक्याचे झाले असेल, तर बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार मुलाला स्वतः जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर हजर होता येते आणि त्यासाठी आई-वडिलांची संमती लागत नाही.

या कायद्याखाली पात्र ठरण्यासाठी मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या व्याख्येत बसावे लागते. ज्याच्यासोबत मूल राहते त्याने त्याला मारहाण केली असेल, त्याचे शोषण किंवा दुर्लक्ष केले असेल, जिवे मारण्याची धमकी दिली असेल आणि ती खरी होण्याची शक्यता असेल, पालक सांभाळ करण्यास असमर्थ किंवा अयोग्य असतील, किंवा मूल आधीच घरातून निघून गेलेले असेल, तर ते या व्याख्येत येते. लग्नाचे वय होण्याआधी लग्न लावून दिले जाण्याचा धोका असलेली मुलगीही यात स्पष्टपणे मोडते. तिच्या बाबतीत आणखी एक जवळचा दरवाजा आहे: महाराष्ट्रात ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार करता येते आणि न्यायालयाकडून ते लग्न थांबवण्याचा मनाई आदेशही मिळू शकतो.

मोबाइल काढून घेतला, सायन्सलाच प्रवेश घ्यायला लावला, रात्री उशिरा आल्यावर बोलणी बसली, एवढ्या कारणांवर समिती मुलाला घरापासून वेगळे करणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अशा वेळी समुपदेशन होते आणि मूल घरी पाठवले जाते. कायद्याचा कलच तसा आहे: शक्य असेल तोवर कुटुंब, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय. मात्र ‘शिस्त लावतो’ या नावाखाली पट्ट्याने मारणे, कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे किंवा शाळा बंद करणे हे घरगुती बोलण्यांत मोडत नाही, आणि मुलांनी या दोहोंतला फरक अर्जात स्पष्ट मांडला पाहिजे.

प्रक्रिया टाळून थेट निघून गेल्यास काय होते, तेही समजून घ्यावे. स्वतःहून घर सोडल्याबद्दल मुलाला शिक्षा नाही; तो गुन्हाच नाही. परंतु पालकांनी हरवल्याची तक्रार दिली, की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनुसार पोलिसांना अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवून शोध घ्यावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार १८ वर्षांखालील मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, कायदेशीर पालकाच्या ताब्यातून पालकाच्या संमतीविना नेणे किंवा फूस लावून नेणे यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आहे. मूल आपल्या मनाने आले आणि समोरच्याने त्याला फक्त राहू दिले, तर ते ‘नेणे’ होत नाही, असा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या एका निकालात केला आहे खरा. पण तो फरक न्यायालयात सिद्ध होईपर्यंत चौकशीचे हेलपाटे आसरा देणाऱ्या मावशीला किंवा मित्राच्या घरच्यांनाच घालावे लागतात. प्रेमप्रकरणातून घर सोडणाऱ्यांच्या बाबतीत हे आणखी बिकट आहे, कारण पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, शरीरसंबंधांसाठी १८ वर्षांखालील व्यक्तीने दिलेल्या संमतीला अर्थ नाही. शिवाय अज्ञान व्यक्तीने केलेला करार कायद्याने ग्राह्य नसल्यामुळे खोलीचा भाडेकरारही स्वतःच्या नावावर होत नाही.

म्हणून रेल्वे स्टेशन गाठण्याआधी समिती गाठावी. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक महिला असते, आणि समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बैठकीची जागा कोर्टासारखी दिसू नये आणि मुलाशी समोरासमोर बसून बोलता यावे, असे नियमच सांगतात. ती अनेकदा शासकीय बालगृहाच्या आवारातच भरते. बैठक नसलेल्या दिवशी एका सदस्यासमोर हजर झाले तरी चालते. पत्ता माहीत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कोणत्याही फोनवरून मोफत बोलता येते. ही सेवा चोवीस तास चालते आणि तिथले कार्यकर्ते मूल असेल तिथे येऊन त्याला समितीपर्यंत नेतात. पोलीस ठाण्यात गेल्यास ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी’ कोण आहे, असे विचारावे, कारण प्रत्येक ठाण्यात तो नेमलेला असतो. शिक्षक, डॉक्टर, अंगणवाडी सेविका किंवा शेजारीही मुलाला हजर करू शकतात. कोणीही हजर केले तरी प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत ते व्हावे लागते, आणि मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.

तोंडी सांगितले तरी समितीला दखल घ्यावी लागते. तरीही एका कागदावर लिहून नेल्यास पुढच्या चौकशीत त्याचा फार उपयोग होतो, कारण मोठ्यांसमोर बसल्यावर निम्म्या गोष्टी आठवत नाहीत. समजा, बारावीत शिकणारी सतरा वर्षांची मुलगी आहे. तिचा अर्ज असा असू शकतो:

‘मा. अध्यक्ष, बाल कल्याण समिती, जिल्हा ____ यांस. विषय: काळजी व संरक्षण मिळण्याबाबत. मी ____, वय १७ वर्षे ४ महिने, बारावीत शिकते. माझे वडील दारू पिऊन मला मारतात. मागच्या महिन्यात दोन वेळा मारले, त्यातील एकदा डाव्या मनगटाला सूज आली व मी दवाखान्यात गेले. दिवाळीनंतर माझे लग्न ठरवले आहे, ते मला मान्य नाही. मला घरी परत पाठवू नये. परीक्षा होईपर्यंत मला माझ्या मामाकडे राहण्याची परवानगी द्यावी. माझे हॉल तिकीट आणि दहावीची गुणपत्रिका घरी आहे, ती मिळवून द्यावी.’

या अर्जात मारहाण कधी झाली, दुखापत, मागणी आणि राहण्याचा पर्याय या चार गोष्टी आहेत. ‘घरी खूप त्रास होतो’ या एका वाक्याने समितीच्या हातात काहीच येत नाही. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यावी.

कागदपत्रे नाहीत म्हणून कोणत्याही मुलाला परत पाठवता येत नाही. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र प्रथम पाहिले जाते, ते नसेल तर महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तेव्हाच वैद्यकीय तपासणी होते. दिसण्यावरूनच मूल अल्पवयीन असल्याचे स्पष्ट असेल, तर समिती तशी नोंद करून पुढचे काम सुरू करू शकते. यांखेरीज आधार कार्डाची झेरॉक्स, शाळेचे बोनाफाईड, दवाखान्याचा केसपेपर, जखमांचे फोटो, धमकीचे मेसेज यांतले जे असेल ते जोडावे. मुलाला मामाकडे, आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे राहायचे असेल, तर त्या नातेवाइकाने ओळखपत्र, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा घेऊन स्वतः हजर राहणे सोयीचे पडते. समितीने त्यांना ‘योग्य व्यक्ती’ ठरवून लेखी आदेशाने मूल त्यांच्या ताब्यात दिले, की अपहरणाच्या आरोपाची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावरून उतरते. या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा कागद मला हाच वाटतो, आणि तो मागायला हवा हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

हजर झाल्यानंतर समिती मुलाचे म्हणणे ऐकते. पालकांना वेगळे बसवून आपले ऐकावे, अशी विनंती मुलाने अवश्य करावी. सामाजिक तपासणी अहवालासाठी कार्यकर्ता घरी, शेजारी आणि शाळेत जाऊन चौकशी करतो. हा अहवाल १५ दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अपेक्षित असतो. दरम्यान मुलाला बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवले जाते, आणि त्याचे नाव, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे. अंतिम आदेशाने मूल देखरेखीसह घरी पाठवले जाऊ शकते, नातेवाइकाकडे, प्रतिपालक कुटुंबात (म्हणजे मुलाचा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) किंवा बालगृहात ठेवले जाऊ शकते.

आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. फक्त प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व (मुलाच्या सांभाळासाठीची आर्थिक मदत) यांसंबंधीच्या निर्णयांवरील अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. वकिलाची फी भरण्याची गरज नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार प्रत्येक बालकाला, घरचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा लागतो.

वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर कुठे राहायचे यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज उरत नाही. पालकांनी तक्रार केली तरी ठाण्यात जाऊन ‘मी सज्ञान असून स्वखुशीने वेगळा राहतो’ असा जबाब वयाच्या पुराव्यासह नोंदवता येतो. बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षणाची म्हणजे पुढील आधाराची तरतूद आहे. ती साधारणतः २१ वर्षांपर्यंत आणि अपवादाने २३ वर्षांपर्यंत मिळू शकते, आणि मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य ठरवलेले आहे. त्याचा अर्ज वाढदिवस उलटून गेल्यावर करण्यापेक्षा काही महिने आधीच बालगृहाच्या अधीक्षकांमार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यावा.