‘फ्रूटी’ म्हणजे फळं घातलेली नव्हे

रेड वाइनच्या लेबलवर ‘चेरी, रास्पबेरी’ दिसलं की अनेकांना वाटतं, त्यात फळांचा रस किंवा साखर घातलीय. तसं नसतं. फळ एकच, द्राक्ष. हे वास द्राक्षातूनच येतात, काही आंबताना यीस्ट तयार करतं. नाक चिमटीत धरून घोट घ्या: चेरी गायब, उरतो आंबटपणा आणि जिभेवरचा तुरटपणा.

थंड प्रदेशात द्राक्षं सावकाश पिकतात, आम्लता टिकते, म्हणून चव आंबटसर लाल फळांकडे झुकते. तिथे कधीकधी रसात साखर घालतात, हे खरं. पण तिचं यीस्ट अल्कोहोल करून टाकतं. युरोपीय नियमांत ‘ड्राय’, म्हणजे गोड नसलेल्या, वाइनमध्ये साखर साधारणपणे लिटरला 4 ग्रॅमपर्यंतच.

आणि ब्लेंड, म्हणजे द्राक्षांच्या वेगवेगळ्या जातींचं मिश्रण, ही भेसळ? फ्रान्समधल्या बोर्दो या वाइन-प्रदेशाच्या बहुतेक रेड वाइन्स ब्लेंडच असतात.