डीजे सॉफ्टवेअरमधील आवाजाची विकृती

संगणकावर ट्रॅक्टर, सेराटो, व्हर्च्युअल डीजे किंवा मिक्स (Mixxx) यांसारख्या सॉफ्टवेअरमधून गाणी वाजवताना मूळ ध्वनिमुद्रणात नसलेली कटकट, खरखर किंवा चिरका फाटकेपणा ऐकू येणे. बोलण्यात या सगळ्याला सरसकट ‘आवाज फाटतोय’ असे म्हणतात. पण त्यात दोन अगदी निरनिराळे दोष असतात. एक वेळेचा, दुसरा पातळीचा. कोणता दोष आहे हे न ओळखता सेटिंग बदलत बसल्याने जेवढा वेळ वाया जातो तेवढा दुसऱ्या कशानेही जात नाही.

वेळेच्या दोषात आवाज मधूनमधून तुटतो. टिक्, कट् असे ऐकू येते आणि आवाज कमी केला तरी ते जात नाही. सॉफ्टवेअर ध्वनीचे छोटे तुकडे तयार करून साउंड कार्डाकडे धाडत असते. या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनितरंगाची मोजमापे) या दराने ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे ११.६ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या वेळात सगळ्या डेकवरच्या (डेक म्हणजे सॉफ्टवेअरमधील एकेक गाणे वाजवणारा भाग) गाण्यांचे डीकोडिंग, टेम्पो, इक्वलायझर आणि इफेक्टचे गणित उरकावे लागते. ते उरकले नाही की मध्ये पोकळी पडते. बफर १२८ केला तर हाताशी जेमतेम २.९ मिलिसेकंद उरतात. १,०२४ केला तर २३ मिळतात, पण जॉग व्हील (गाणे पुढेमागे करण्याची गोल चकती) फिरवल्यावर प्रतिसाद उशिरा आल्याचे हाताला जाणवते. स्क्रॅच करणाऱ्याला, म्हणजे चकती झटक्याने पुढेमागे करून आवाज काढणाऱ्याला, हा उशीर चालत नाही. नुसती गाणी जोडणाऱ्याने मात्र बफर वाढवण्यात कसूर करू नये.

प्रोसेसर वीस टक्केच वापरात दिसतो, तरीही आवाज तुटतो, याचे पुष्कळांना कोडे पडते. तो आकडा सरासरीचा असतो. वाय-फायच्या एखाद्या ड्रायव्हरने (यंत्रभाग चालवणाऱ्या प्रोग्रामने) प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरला तरी तुकडा चुकतो. विंडोजवर लेटन्सीमॉन हे साधन असा ड्रायव्हर नावानिशी दाखवते. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली एएसआयओ ही ड्रायव्हरपद्धत विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरला वळसा घालून थेट कार्डाशी बोलते. म्हणून कार्डासोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हरच निवडावा. लॅपटॉप बॅटरीवर गेला की वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर मंदावतो, तापला तरी मंदावतो. टेम्पो बदलूनही सूर कायम ठेवणारे की-लॉक हे जड काम आहे. ते बंद केल्यावर कटकट थांबली तर दोष वेळेचाच.

पातळीचा दोष सलग असतो आणि ठेक्याच्या जोरदार आघातांवर वाढतो. डिजिटल ध्वनीला शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते. त्यावरचे तरंगाचे शेंडे छाटले जातात. आजची गाणी मुळातच त्या छतापाशी नेऊन ठेवलेली असतात. अशी दोन गाणी फेडर (आवाजाची सरकती कळ) पूर्ण वर ठेवून एकत्र आली की पातळी साधारण ३ डेसिबलने, क्वचित ६ डेसिबलपर्यंत चढते. त्यात बासची कळ वर असते! छाटणी ज्या टप्प्यावर होते त्याच्या आधीच गेन (सिग्नलची वाढ) उतरवावा लागतो. मिक्सरच्या चॅनलवर लाल दिवा लागत असताना मास्टर (एकूण आवाजाची कळ) खाली आणल्यास तोच फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो. शिखरे उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवून उरलेला जोर अॅम्प्लिफायरवर सोपवणे उत्तम.

दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच दोन मिनिटे रेकॉर्डिंग करून ते हेडफोनवर ऐकावे. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर गाणी, डेक आणि इफेक्ट निर्दोष आहेत. बिघाड बफर, कार्ड, केबल, मिक्सर किंवा स्पीकरमध्ये शोधावा. मिक्सरची फोनो आणि लाइन ही कळही पाहावी. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असलेले फोनो इनपुट सिग्नल सुमारे ४० डेसिबलने, म्हणजे शंभरपट, वाढवते. साउंड कार्डाचा लाइन सिग्नल तिथे जोडला तर तो भयंकर फाटतो.

सलग घरघर ही तिसरी गोष्ट. चार्जर काढताच ती गेली तर अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक वाटांनी अर्थला जोडली गेली आहेत. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत जनरेटरवर अॅम्प आणि लॅपटॉप एकत्र चालतात, तिथे हे हमखास तपासावे. त्यावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नलच्या वाटेत जोडायची छोटी पेटी) लावतात. प्लगची अर्थ पिन तोडणे जिवावर बेतू शकते. ते कधीही करू नये.

एवढे करूनही एकच गाणे फाटत राहिले तर ते डेकवर मोठे करून पाहावे. तरंगाकृतीचे माथे कापल्यासारखे सपाट दिसले तर फाइलच बिघडलेली आहे. त्या गाण्याची दुसरी, चांगली प्रत मिळवावी.