गिरण्यांच्या आवारातले मॉल आणि ‘मोकळ्या जमिनी’चा वाद : पार्श्वभूमी

मॉल आणि ऑफिस संकुलांच्या मालकांनी आजूबाजूच्या वस्तीला सामावून घ्यावे, अशी मागणी मुंबईत वरचेवर होते. बसायला बाक, कुणालाही वापरता येईल असे स्वच्छतागृह, व्हीलचेअरसाठी रॅम्प, फेरीवाल्यांना जागा, गल्लीकडे उघडणारे फाटक, अशा साध्या गोष्टी मागितल्या जातात. लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यात, म्हणजे कापडगिरण्यांच्या गिरणगावात मात्र वस्तीचा वाटा मालकाच्या दानतीवर सोडलेला नव्हता. तो नियमात टक्केवारीसकट लिहिलेला होता. तो कसा आटला, हे ठाऊक नसेल तर मालकांकडे काय मागायचे हेही नीट ठरवता येत नाही.

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढचा इतिहास, चाळी, खाणावळी, भोंगा, तीन पाळ्या, सगळ्यांना माहीत आहे. एकच प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. लालबागच्या पेरू चाळीतला बाजार 1932 मध्ये बंद झाला आणि कोळी व लहान विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी नवस केला, पाठपुरावाही केला, आणि अखेर एका खासगी जमीनमालकाने बाजारासाठी जागा दिली. 1934 पासून तिथे बसणाऱ्या गणपतीची रांग आज किती लांब असते ते सांगायला नको. खासगी जमिनीवर वस्तीचे जगणे सामावणे ही गिरणगावात बाहेरून आलेली कल्पना नव्हे.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि शहराच्या मधोमध 58 गिरण्यांची साधारण 600 एकर जमीन चर्चेत आली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिच्यासाठी स्वतंत्र नियम झाला, क्रमांक 58. त्याचा गाभा सरळ होता. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मैदाने आणि बागांसाठी, दुसरा गृहनिर्माण मंडळाला (म्हाडा), परवडणाऱ्या घरांसाठी, तिसरा मालकाला. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीत हे प्रमाण 33, 27 आणि 40 टक्के होते. जमीन जितकी मोठी तितका मालकाचा वाटा कमी, दहा हेक्टरच्या वर 30 टक्के.

खासगी जागेतून सार्वजनिक जागा काढण्याचा इतका स्पष्ट हिशेब मुंबईने त्याआधी क्वचितच मांडला असेल. पण मालक पुढे आले नाहीत. वाटणी टाळण्याची वाट नियमातच होती. शेड न पाडता आतला वापर बदलला तर जमीन द्यावी लागत नव्हती. मग साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात कार्यालये आली, गोदामांत स्टुडिओ आणि रेस्टॉरंट थाटली गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लोअर परळच्या एका गिरणीत बोलिंगचा खेळ सुरू झाला, तेव्हा देणी थकलेले कामगार अजून फाटकाबाहेर होते. 1996 मध्ये केंद्राच्या मालकीच्या गिरण्यांपुरता एक अभ्यासगट नेमला गेला. जमिनी सुट्या न विकता एकत्र धरून आराखडा करावा, म्हणजे मोकळ्या जागा सलग मिळतील, असे त्याने सुचवले. ती शिफारस मनावर घेतली असती तर आजचे लोअर परळ वेगळे दिसले असते.

यानंतर आली 2001 ची दुरुस्ती, आणि सगळा पेच तिच्यातच आहे. दुरुस्तीने वाटणीची टक्केवारी तशीच ठेवली. बदलले ते एवढेच, की वाटणी कशाची करायची. आता ती गिरणीच्या पूर्ण जमिनीला लागू राहिली नाही. ‘मोकळी जमीन’ आणि शिल्लक चटईक्षेत्र (म्हणजे अजून न वापरलेले, बांधता येण्याजोगे क्षेत्रफळ) यांनाच लागू झाली. ज्या जमिनीवर शेड उभी आहे ती मोकळी नाही, आणि शेड पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही ‘मोकळी’ धरायची नाही, असा अर्थ सरकारने लावला. पाडलेल्या बांधकामाइतके चटईक्षेत्र मालकाला नव्या इमारतीत पूर्ण वापरता येणार होते.

गिरणी आतून पाहिलेल्याला यातली मेख लगेच कळते. कापडगिरणी उंच नसते, ती पसरते. करवतीच्या दात्यांसारखी छपरे असलेली एकमजली शेड एकीला एक लागून आवारभर असतात. मोकळे राहतात ते रस्ते, पाण्याचा तलाव आणि फाटकाजवळचे अंगण. समजा आवार 10 एकरांचे, म्हणजे 400 गुंठ्यांचे आहे आणि त्यातल्या 320 गुंठ्यांवर शेड आहेत. जुन्या नियमाने बागेसाठी 130 हून अधिक गुंठे मिळाले असते. नव्या अर्थाने 80 गुंठ्यांचे 33 टक्के, म्हणजे जेमतेम 26. पहिल्यात मुलांना क्रिकेट खेळता येते. दुसऱ्यात झोपाळे, घसरगुंडी आणि चार बाक बसले की जागा संपली.

मालक आणि सरकार यांची बाजूही मांडली पाहिजे. 1991 च्या नियमाने दहा वर्षांत फारसे काही हाती लागले नव्हते. गिरण्या आजारी होत्या, बँका आणि कामगार यांची देणी थकली होती, आणि जमीन विकून आलेला पैसा स्वतंत्र खात्यात ठेवून देखरेख समितीच्या नजरेखाली तीच देणी भागवायची होती. वाटा फार मोठा मागितला तर कुणीच विकसित करणार नाही, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण देणी भागवण्यासाठी दिलेली सवलत आणि गिरणगावच्या पुढच्या पिढ्यांचे मैदान यांची अदलाबदल ज्या वस्तीत होत होती, तिला कुणी विचारले नाही.

2005 मध्ये केंद्राच्या मालकीच्या गिरण्यांचे लिलाव झाले. लोअर परळच्या एकाच गिरणीला 702 कोटी रुपये आले. त्याच वर्षी एक पर्यावरण संस्था न्यायालयात गेली. 17 ऑक्टोबर 2005 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की शेड पाडून रिकामी होणारी जमीनही मोकळ्या जमिनीत धरावी. पाच महिने टिकला तो निकाल. 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सरकारचा अर्थ कायम केला. लोअर परळचा नकाशा त्या दिवशी ठरला.

पुढच्या दहा वर्षांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक आवाराला आपली भिंत, आपले फाटक, आपला सुरक्षारक्षक. गिरणीच्या भिंती आधीपासून होत्याच, त्या पाडून गल्ल्या जोडण्याची संधी बहुतेक ठिकाणी गेली. लेआउटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत मनोरंजनाची जागा सोडायचा नियम होता, पण ती जागा आवारातल्यांसाठी, आणि अनेकदा ती पार्किंगच्या मजल्यांवर, पोडियमवर चढवली जाई. किमान जागा तरी जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये सांगितले. तो खटलाही दादरच्या एका जुन्या गिरणीच्या जमिनीवरच्या बांधकामाचा होता.

कामगारांच्या पाळ्यांसाठी बांधलेली स्थानके मात्र होती तशीच राहिली. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी पाऊस आला, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर लोक अडकले आणि चेंगराचेंगरीत 23 जण गेले. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबर उजाडण्याआधीच्या मध्यरात्री, लोअर परळच्या गिरणीच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागली, 14 मृत्यू. ऑफिसांत येणारा माणूस फाटकाच्या आतच आमची जबाबदारी, बाहेर रेल्वेची आणि महापालिकेची, ही समजूत पुलावरच्या घटनेच्या मुळाशी आहे. नवा पूल लष्कराने 2018 च्या सुरुवातीला बांधून दिला. जागामालकांना त्यासाठी एक गुंठाही सोडावा लागला नाही.

मधल्या काळात कायदा दुसऱ्या वाटेने पुढे सरकला आहे. 2014 च्या कायद्याने फेरीवाल्यांना हक्क दिले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांची ये-जा असलेली खासगी व्यापारी इमारतही आणली, त्यामुळे रॅम्प, लिफ्ट आणि दिव्यांगांना वापरता येणारे स्वच्छतागृह आता मालकाची मेहेरबानी राहिलेली नाही. 2017 पासून पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर लागते. एका संकुलातल्या अनेक कंपन्यांनी मिळून तळमजल्यावर एकच चांगले पाळणाघर चालवले आणि शेजारच्या चाळीतली मुलेही त्यात घेतली, तर त्याला कुठलाही नियम आड येत नाही. गल्लीकडचे मागचे फाटक दिवसा उघडे ठेवायलाही नाही.

घरांच्या वाट्याचे काय झाले, तेही सांगायला हवे. या घरांसाठी गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांचे अर्ज दीड लाखाहून अधिक आले. 2012 च्या पहिल्या सोडतीत 6,925 घरे होती, 225 चौरस फुटांची. त्यानंतरच्या घरांचे पत्ते पनवेलजवळच्या कोनपर्यंत गेले, मग कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणीची नावे पुढे आली. जुलै 2025 मध्ये कामगार आणि त्यांची मुले आझाद मैदानात जमली, ती घर मुंबईतच हवे हे सांगायला.